मांसाचा प्रकार

पंचनाम्यात एक रकाना असतो : मांसाचा प्रकार.
सकाळचे साडेअकरा. अनेर नदीच्या अलीकडचा पाडा.
रेमलीबाईच्या चुलीवर पातेलं,
आणि मी, वनरक्षक, पेनाचं टोपण दातात धरून.

घोरपड शिजते आहे, असा फोन आला होता.
कोणाचा, ते साहेबांनी सांगितलं नाही.

"कोंबडी आहे," रेमलीबाई म्हणाली.
सगळेच म्हणतात.
नऊ वर्षांच्या नोकरीत मी पकडलेला ससा कोंबडी होता,
तितर कोंबडी होता,
एकदा तर साळिंदरसुद्धा कोंबडी होतं,
काट्यांसकट.

तसं पाहिलं तर लोक खोटं बोलत नसावेत.
भाऊ सुरतेला हिरे घासायचा,
तिथे कोणीतरी त्याला बेडकाच्या तंगड्या खाऊ घातल्या.
कशा लागल्या? "कोंबडीसारख्या."
फौजेतल्या मामानं साप खाल्ला होता म्हणे.
"कोंबडीसारखाच. जरा काटे जास्त."
आई शिरपूरच्या घरी निखाऱ्यावर कांदा-खोबरं काळंकुट्ट भाजायची,
पाट्यावर वाटायची, बोटांना दोन दिवस वास.
ती हसायची दोघांना :
"मसाला तोच शे, मंग चव बी तीच लागी.
ह्या रस्सामा चप्पल टाक,
ती बी कोंबडीच लागी."

मला वाटतं, विचारणाऱ्याच्या तोंडात जे आधीच असतं
तेच त्याला परत द्यायचं,
म्हणजे तो पुढचं विचारत नाही.

मी झाकण काढलं.
वाफ. तवंग. काळ्या रश्शात चार-पाच तुकडे,
तंगडी की शेपटी, सांगणं कठीण.
अंगणात एक पीस नव्हतं.
"पिसं कुठे गेली?"
"वाऱ्यानं."
वारा नव्हता. शेवग्याचं पान हलत नव्हतं.
आत गोधडीत नातू, तापानं सुकलेला,
डोळे पातेल्यावर.

"चाखून बघा ना जरा, मॅडम," साहेब म्हणाले,
ते स्वतः गुरुवार धरतात.
मी बोट बुडवून चाटलं.
खोबरं. दगडफूल. मिरची. आई.
जिभेनं साक्ष दिली नाही.

मग मी हुशारी केली.
"घोरपड कशी लागते हो, रेमलीबाई?"
तिनं लाकूड आत सरकवलं.
"कोंबडी बाजाराची असते, बाई.
ती सांगवीला जाते, तेल-मीठ होऊन परत येते.
आम्ही लहानपणी रानातलंच खाल्लं.
कोंबडी पहिल्यांदा खाल्ली माझ्या लग्नात.
नवऱ्यानं विचारलं, कशी लागली?
म्हटलं, घोरपडीसारखी.
फक्त आळशी."

साहेब म्हणाले, हे लिहून घ्या.
मी लिहून घेतलं.
नमुना बाटलीत, बाटलीला लाख, लाखेवर शिक्का.
उरलेलं पातेलं मुद्देमाल म्हणून जीपमध्ये,
वळणावळणावर रस्सा सांडत गेला.
नातू रडला नाही. त्यानं फक्त
भाकरी कोरडीच खायला सुरुवात केली.

अहवाल सात महिन्यांनी आला.
एक ओळ, खाली गिचमिड सही :
नमुना पाळीव कोंबडीचा.

साहेबांनी फाईल बंद केली, चहा मागवला.

रविवारी मी गणवेश न घालता गेले,
गाडीच्या हँडलला काळी पिशवी,
शिरपूरहून घेतलेलं दीड किलो ब्रॉयलर.
रेमलीबाईनं पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे,
मग चूल पेटवली.
काय बोलावं ते मी रस्ताभर ठरवलं होतं.
तिथे काहीच आठवलं नाही. कांदा चिरून दिला.

नातू उंच झाला होता. तिघं जेवायला बसलो.
तिनं एक घास बराच वेळ चावला.
आणि मी, नको होतं विचारायला, पण विचारलं :
"कशी झालीय?"
"ओली आहे," ती म्हणाली.
मग, भाकरीचा पापुद्रा सोलता सोलता,
"कशासारखीच नाही."

मी मान खाली घालून ताट पुसून घेतलं.
मला तर ती
अगदी कोंबडीसारखी लागली.